उन्हाळ्यातली शिवारफेरी: सोलापूरच्या आसपास गटाने पायी फिरायचं तर

मे महिन्यात शेताशेतांतून पायी फिरायला जायचं म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, "डोकं फिरलंय का बे?" प्रश्न रास्त आहे. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि आठवडे-आठवडे खाली उतरत नाही. अकरानंतर बैलसुद्धा लिंबाखालून हलत नाहीत.

तरीही माझं म्हणणं असं की आपल्या भागात शिवारातून चालायचा खरा हंगाम उन्हाळाच. पावसाळ्यात काळ्या रानात पाय टाकून बघा. दहा पावलांत प्रत्येक बुटाला किलोभर चिखल लागतो आणि अकराव्या पावलाला बूटच मागे राहतो. दिवाळीनंतर थंडी छान असते, पण रानात शाळू उभा असतो. त्यातून बारा-चौदा माणसांची रांग नेली तर मालक ओरडणार, आणि त्याचं बरोबरच असणार. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते, कडब्याच्या गंजी लागतात, रान मोकळं होतं. पाडव्यापासून मृगापर्यंत गाडीवाटा कोरड्या, ओढे कोरडे, आणि चार किलोमीटरवरच्या देवळाचं शिखर चालताना सतत नजरेसमोर. अडचण एकच. दिवसाच्या चोवीस तासांतले जेमतेम चार तास आपले असतात. पुढची सगळी आखणी त्या चार तासांसाठी आहे.

आधी घड्याळ, मग नकाशा

मेच्या मध्यावर सोलापुरात सूर्य सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना उगवतो. एप्रिलच्या सुरुवातीला सव्वासहाच्या जरा पुढे. त्याआधी वीसेक मिनिटं वाट दिसण्याइतकं उजाडतं. म्हणजे मेमध्ये पहिलं पाऊल साडेपाचला पडलं पाहिजे, एप्रिलमध्ये सहाच्या आत. आणि संपवायचं साडेनऊला. साडेनऊला "आता शेवटचा किलोमीटर राहिला" असं म्हणायची वेळ येता कामा नये, साडेनऊला सावलीत टेकलेलं असलं पाहिजे.

आता किलोमीटर काढा. एकटा माणूस ताशी पाच किलोमीटर सहज चालतो. चौदा माणसांचा घोळका फोटो, काटे, बुटांच्या नाड्या, "ही कसली शेंग?" हे सगळं धरून ताशी तीनच्या वर जात नाही. चार तासांत अर्धा-पाऊण तास विसाव्याचा गेला की उरतात नऊ-दहा किलोमीटर. मी नऊच्या वर वाट आखत नाही. पहिल्यांदा येणारे जास्त असतील तर सहा.

एका वर्षी आम्ही हे मोडलं. दोघे उशिरा आले, मग कुणीतरी म्हणालं चहा-पोहे करूनच निघू, आणि पायाला माती लागायला साडेसात वाजले. पावणेदहाला आमच्यातला एक धडधाकट माणूस बांधावर बसला आणि उठेचना. त्याला काही झालं नाही, कारण गाडी पाचशे मीटरवर होती. पण त्या दिवसापासून नियम केला: पाच मिनिटं थांबायचं, सहाव्या मिनिटाला निघायचं. राहिलेला माणूस झोपायला परत जातो आणि पुढच्या वेळी वेळेवर येतो.

संध्याकाळी जावं का, असं दरवेळी कुणीतरी विचारतं. मी नाही म्हणतो. दिवसभर तापलेली काळी जमीन सात वाजेपर्यंत खालून भाजते, वळीव यायचा तर दुपारनंतरच येतो, आणि अंधार पडता पडता घोणस-फुरशांची बाहेर पडायची वेळ होते.

वाट कशी आखायची

वाट पूर्वेकडून पश्चिमेला जाणारी घ्या. एवढी एक गोष्ट पाळलीत तरी निम्मा त्रास वाचतो. सकाळचं ऊन तिरकं आणि डोळ्यांत घुसणारं असतं; तुम्ही पश्चिमेला चालत असाल तर ते पाठीवर पडतं. शिवाय झाडांची, कुंपणांची सावली तेव्हा पश्चिमेकडे लांब पडलेली असते, म्हणजे वाट उत्तर-दक्षिण असेल तर झाडांच्या रांगेच्या पश्चिम अंगाने चाला. आणि वाट एकेरी ठेवा. गोल फिरून गाडीपाशी परत यायच्या वाटेत शेवटचा, सर्वांत तापलेला तास सूर्याकडे तोंड करून जातो. गाडी तुम्हाला सोडून पुढे जाऊन थांबू दे.

वाटा शोधायला मोबाइलवरचा उपग्रह नकाशा बरा, पण त्यात बांध आणि वाट सारखीच दिसते. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गावनिहाय गट नंबर बघता येतात. तलाठ्याकडच्या गाव नकाशात गाडीवाटा, पायवाटा तुटक रेषांनी काढलेल्या असतात. दोन्ही शेजारी ठेवून बघा. शिवरस्ते आणि पाणंद, म्हणजे दोन गावांच्या हद्दीवरून किंवा शेतांच्या मधून गेलेल्या जुन्या वाटा, आपल्याला सर्वांत सोयीच्या. नकाशात आहे आणि जमिनीवर नाही, असंही होतं. कुणीतरी नांगरून टाकलेली असते. तिथे वाद घालायला आपण आलेलो नाही, वळसा घाला.

म्हणून चार दिवस आधी दोघांनी जाऊन तीच वाट त्याच वेळेला चालून बघायची. दुचाकीवरून नाही, पायी. वहीत एवढं टिपायचं: दर किलोमीटरला टेकण्याजोगी सावली कुठे आहे, गाडी आत येऊ शकेल अशा जागा कुठे (दोन किलोमीटरमध्ये एक तरी हवी), कठडा नसलेल्या विहिरी कुठे, कुत्री असलेल्या वस्त्या कुठल्या, आणि कोणतं रान नांगरलेलं आहे. उन्हाळी नांगरटीतली ढेकळं डोक्याएवढी असतात. त्यातून शंभर मीटर जायला दहा मिनिटं लागतात आणि एखादा घोटा मुरगळतो.

सावलीबद्दल एक सोलापुरी बारकावा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस इथे सूर्य दुपारी साडेबाराच्या थोडा आधी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली गायब होते. त्या आठवड्यांत दुपारची सावली नुसती झाडाच्या बुडाशी गोळा झालेली असते. बाभळीचा तर पाला इतका विरळ की तिच्याखाली बसून ऊनच लागतं. वाटेवरची सावली म्हणून फक्त चिंच, वड, आंबा आणि जुना लिंब मोजा. आणि वडाखाली किंवा चिंचेखाली बसण्याआधी वर बघा. आग्या मोहोळ असेल तर आवाज न करता पुढे चालू लागा, अत्तर मारलेल्या मंडळींनी जरा आधीच.

तीन वाटा

माझी आवडती कुडलची. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल इथे सीना भीमेला मिळते. शहरापासून साधारण चाळीस किलोमीटर, विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या बाजूला. संगमाच्या अलीकडे सात-आठ किलोमीटरवर उतरायचं आणि शेतांतून संगमाकडे चालत जायचं. काळं सपाट रान, मधे उसाचे पट्टे, एखादं उन्हाळी भुईमुगाचं हिरवं चौकोन. शेवटी संगमेश्वराचं देऊळ. इथल्या तुळईवर मराठीतला फार जुना, शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा कोरीव लेख आहे, ज्याचा शेवट "वाछि तो विजेया होऐवा" असा वाचतात. वाचेल तो विजयी होईल. सकाळी नऊला, घामाने निथळत, हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्याच भाषेत घातलेली ही पैज वाचताना कुणी बोलत नाही, असा माझा अनुभव आहे. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. देवळाचा दगड नऊ-साडेनऊपर्यंत गार असतो, ही सुद्धा काही लहान गोष्ट नाही.

तिथे गेल्यावर नदीत उतरायचा मोह होतो. नको. वाळू उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत, आणि उजनीतून भीमेत पाणी सोडलेलं असेल तर कालचं उथळ पात्र आज उथळ नसतं.

दुसरी वाट हिप्परग्याची, तुळजापूर रस्त्याला. एकोणिसाव्या शतकात बांधलेला एकरुख तलाव उन्हाळ्यात आटत जातो आणि काठाची जमीन उघडी पडते. शहराजवळ, लहान मुलं असतील तर ही बरी. फक्त तलावाच्या पोटातल्या भेगाळलेल्या, वाळल्यासारख्या दिसणाऱ्या गाळावर चालू नका. वर पापडी असते, खाली पाय गुडघ्यापर्यंत जातो.

तिसरी बार्शी रस्त्यावरची, नान्नज-वडाळ्याकडची. हा द्राक्षांचा मुलूख. 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' या जाती नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या बागेतल्या. मेमध्ये द्राक्ष खायला मिळेल या आशेने मात्र जाऊ नका. माल केव्हाच उतरलेला असतो, एप्रिलची खरड छाटणी होऊन वेलींना नवी फूट आलेली असते. त्याच भागात १९७९ मध्ये झालेलं माळढोक अभयारण्य आहे. वन खात्याच्या गवताळ रानात परवानगीशिवाय शिरायचं नाही, "कोण बघतंय" म्हणून तर अजिबात नाही. आपली वाट गावांच्या आणि शेतांच्या बाजूने ठेवा. काळवीट बांधावरूनही दिसतात.

गावाला सांगून जा

ओळख असेल तर उत्तम, नसेल तर सरपंच किंवा पोलीस पाटलांना दोन दिवस आधी फोन करा. कोण, किती जण, कुठून कुठे, कशासाठी. "कशासाठी"ला उत्तर तयार ठेवा. पहाटे साडेपाचला अनोळखी चौदा माणसं रानातून चालताना दिसली की गावकऱ्यांच्या मनात तीनच शक्यता येतात: जमिनीची मोजणी, कंपनीची माणसं किंवा चोर. "नुसतं फिरायला आलोय" हे उत्तर पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. मी "देवळाला चाललोय, चालत" असं सांगतो. ते खरंही असतं आणि या जिल्ह्यात चालत देवाला जाणं कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

रानात भेटणाऱ्या प्रत्येकाला राम राम घाला, वयाने मोठ्या माणसाला मामा किंवा काका, बाईमाणसाला मावशी किंवा आक्का. दक्षिणेकडे, अक्कलकोटच्या बाजूला गेलात तर बांधावर कन्नड ऐकू येईल. तिथे "शरणार्थी" म्हटलं की चेहरा खुलतो, आणि "नीर कोडरी" एवढं येत असलं की पाण्याचा तांब्या येतो, सोबत बहुधा गुळाचा खडा.

पण इथेच एक सांगायचं आहे. मेमध्ये यातल्या कितीतरी गावांत पाण्याची ओढ असते, काही ठिकाणी टँकर येतो. चौदा जणांनी एका वस्तीवर पाणी मागितलं तर त्या घरची रांजण रिकामी होते, आणि ती बाई तुम्हाला नाही म्हणणार नाही. म्हणून पाणी आपलं आपण न्यायचं. कुणी आग्रहाने दिलं तर मान राखायला घोटभर घ्यायचं, बाटल्या भरायच्या नाहीत.

आणखी दोन गोष्टी मालकाच्या बाजूने. विडी-सिगारेट शिवारात बंद, पूर्ण बंद. कडब्याची गंज म्हणजे त्या घरच्या जनावरांचं वर्षाचं पोट. एका ठिणगीत जातं. आणि कुंपणाच्या तारेला हात लावू नका, बऱ्याच ठिकाणी झटका मशीन लावलेलं असतं.

पाण्याचा हिशेब

आपली हवा कोरडी. घाम येतो तसा उडून जातो, अंग ओलं दिसतच नाही, आणि माणसाला वाटतं आपल्याला घामच आला नाही. तहान लागायची वाट बघायची नाही. पुढे चालणाऱ्याने दर वीस मिनिटांनी थांबून सगळ्यांना पेलाभर पाणी प्यायला लावायचं. म्हणजे तासाला पाऊण लिटर. चार तासांचे तीन लिटर, चौदा माणसांचे बेचाळीस. प्रत्येकाच्या पाठीवर दोन लिटर, आणि बाकीच्यासाठी वीस लिटरचा एक जार गाडीत, जी निम्म्या वाटेवर भेटेल. परतीला आणि डोक्यावर ओतायला दुसरा जार. एकदम लिटरभर घटाघटा पिऊन भागत नाही. पोटात डचमळतं आणि मळमळतं.

नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ जातं. मीठ घातलेलं ताक, पन्हं किंवा ज्वारीची आंबील, यातलं काही निम्म्या वाटेवर ठेवा. आंबील मी सर्वांत वर धरीन. पोटाला आधार होतो आणि दहा वाजेपर्यंत भूक लागत नाही. शिवाय ओआरएसची आठ-दहा पाकिटं जवळ हवीतच. एक लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घालायचं, अर्ध्या बाटलीत कोंबायचं नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेण्याचा आपल्याकडे आग्रह असतो. टिकतं, वजनाला हलकं, सगळं खरं. पण चालताना ही जोडी घशाखाली उतरवायला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात एक माणूस किलोमीटरभर चालेल. ती शेवटच्या मुक्कामाला, दह्याबरोबर. वाटेत गूळ-शेंगदाणे, काकडी, कलिंगडाच्या फोडी.

अंगावर आणि पायात

टोपीपेक्षा सोलापुरी टॉवेल बरा. आपल्या गावाने जगाला टॉवेल दिला आणि आपण कडक टोप्या घालून फिरतो. सुती, पातळ, लांब पंचा भिजवून पिळायचा, डोक्याला गुंडाळून एक पदर मानेवर सोडायचा. कोरड्या हवेत तो वीस-पंचवीस मिनिटं चांगला गार राहतो. सुकला की परत भिजवा. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, फिका रंग. अर्ध्या बाह्या आणि अर्धी चड्डी घालून आलेल्यांचे हात-पाय संध्याकाळी गाजरासारखे होतात.

पायांबद्दल मात्र हट्ट धरा. शाळूच्या काढणीनंतर रानात धसकटं राहतात, बोटभर उंच, तिरपी कापलेली, भाल्यासारखी. पातळ तळव्याची चप्पल ती आरपार करतात. बाभळीचा वाळला काटा तर धावण्याच्या मऊ बुटातूनही वर येतो. जाड, टणक तळ असलेले, घोट्यापर्यंतचे जुने बूट घाला. नवे बूट पहिल्यांदा शिवारात घालणारा चौथ्या किलोमीटरला लंगडतो. एक सुई, एक चिमटा आणि थोडं जंतुनाशक पुढाऱ्याच्या खिशात असू द्या. काटा जागेवरच काढायचा, "घरी गेल्यावर बघू" नाही.

चालताना

दिंडी कशी चालते ते आपल्याला शिकवायला नको. पुढे एक, मागे एक, आणि मधले सगळे त्या दोघांच्या नजरेत. पुढचा वाट ओळखणारा हवा, मागचा चिवट. मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही आणि पुढच्याच्या पुढे कुणी पळायचं नाही. वेग ठरतो सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायांनी, म्हणून त्याला पुढाऱ्याच्या लगेच मागे ठेवा. सर्वांत मागे ठेवलं की काय होतं? बाकीचे सावलीत बसून त्याची वाट बघतात, तो पोचला की उठून चालू लागतात, आणि ज्याला विसावा हवा त्यालाच तो कधी मिळत नाही.

पहिला तास सर्वांत सुंदर. वारा गार, पावशाचा आवाज असला तर "पेरते व्हा" ऐकू येतं. दिवसपाळीची लाइट असेल तर एखाद्या विहिरीवर मोटर चालू झालेली असते आणि पाटात पाणी धावत असतं. मालकाला विचारून तोंड धुवा, पंचा भिजवा. प्यायला ते वापरू नका.

शहरातल्या मंडळींना हमखास चुकीचं वाटणारं एक दृश्य: पानं गळालेली, मेल्यासारखी डाळिंबाची बाग. "अरेरे, वाळली हो बाग." वाळलेली नाही, ताणावर आहे. मृग बहार धरायचा तर एप्रिल-मेमध्ये झाडाचं पाणी तोडतात, झाड पानं टाकतं, आणि मग पाणी-खत मिळालं की एकदम फुलांवर येतं. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच, केगावला आहे. शेतकरी बांधावर असेल तर ताणाबद्दल विचारा. असा प्रश्न विचारणारा पाहुणा त्याला आवडतो, आणि तुमचा पुढचा विसावा त्याच्या लिंबाखाली होतो. कुठे फवारणी चालू दिसली तर मात्र वारा कुठून येतोय ते बघून लांबून जा.

उघड्या माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर जागीच थांबा आणि पायाखाली बघा. उन्हाळ्यात ती उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती मातीच्या रंगाची असतात. आल्या पावली मागे फिरून बाजूने जा. अंडी उंचावर असली तर पाऊस चांगला, खोलगटात असली तर कमी, असं गावात सांगतात. त्यासाठी जवळ जाऊन बघायची गरज नाही.

शेततळ्याबद्दल मी कडक बोलतो. निळंशार पाणी, कडेला कुणी नाही, अंगाची लाही झालेली. पोहता येणारासुद्धा उतरू नये. तळाला आणि काठाला प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की शेवाळासारखा निसरडा होतो आणि आत गेलेल्याला बाहेर चढता येत नाही. काठावरसुद्धा जायचं नाही, फोटोसाठीही नाही.

वस्तीवरची कुत्री भुंकणारच. पळू नका, डोळ्याला डोळा देऊ नका, घोळका करून सावकाश पुढे चला, तोवर घरातून कुणीतरी "हाड" म्हणतंच.

ऊन लागलं तर

चालता चालता गप्प झालेला माणूस ओळखायला शिका. बडबड करणारा एकदम शांत झाला, पाय ओढू लागला, डोकं दुखतंय किंवा मळमळतंय म्हणाला, पोटऱ्यांत गोळे आले, की ती पहिली खूण. सगळ्यांना थांबवा. त्याला सावलीत आडवा करा, पाय जरा उंच, बूट-मोजे काढा, सदरा सैल करा, मानेवर-छातीवर पाणी, पंच्याने वारा, आणि घोट-घोट ओआरएस. अर्ध्या तासात हुशारी आली तरी त्याचं चालणं त्या दिवसापुरतं संपलं. गाडी बोलवा. "मी ठीक आहे" हे त्याचं म्हणणं मोजायचं नाही.

असंबद्ध बोलू लागला, नाव-गाव विचारलं तर गोंधळला, झटका आला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. घाम येत असला तरीही. लगेच १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत गार करत राहा. जवळचं सगळं पाणी त्याच्या अंगावर ओता, बगलेत-जांघेत-मानेवर ओली फडकी ठेवा, दोघांनी सतत वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. फोनवर सांगायला गावाचं नाव, गट नंबर किंवा जवळची खूण पुढाऱ्याला पाठ हवी, म्हणून ती वही.

रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. लघवी वाढवणारी गोळी आणि सोलापूरचं ऊन यांचं जमत नाही. आदल्या रात्री जागरण किंवा बैठक झालेल्यालाही घरी पाठवा.

आभाळ भरून आलं तर

वळीव बहुतेक दुपारनंतर येतो, पण आदल्या रात्री पडून गेला असला तरी तुमची वाट बदलते: काळं रान सकाळी चालण्यासारखं राहत नाही. अशा वेळी मुरमाड माळाची किंवा डांबरी रस्त्याच्या कडेची पर्यायी वाट तयार ठेवा. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर असू द्या. ढग गडगडायला लागले की एकट्या झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ किंवा माळाच्या माथ्यावर थांबायचं नाही. पक्कं घर किंवा गाडी गाठा. दोन्ही लांब असतील तर खोलगट जागी एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं पडू नका.

पोचल्यावर

साडेनऊला देवळाच्या ओवरीत किंवा ठरवलेल्या झाडाखाली पोचलात की आधी पाणी, मग बूट काढून तळवे तपासणं, मग भाकरी. दही गाडीतल्या बर्फाच्या डब्यात असेल तरच खा. सकाळपासून डिकीत तापलेलं दही चटणीसकट कुत्र्याला द्या. केलेला कचरा एका पिशवीत, पिशवी शहरात परत.

साडेदहाला गाडी हलली पाहिजे. एसटीच्या भरवशावर राहू नका, मुक्कामी गाडी पहाटेच शहराकडे गेलेली असते आणि पुढची कधी ते गावालाच माहीत. चौदा जणांना एक मोठी गाडी ठरवा, नाहीतर गावातल्या वडापवाल्याशी आधी बोलून ठेवा. आणि चालकाने दार लावायच्या आधी डोकी मोजा. आमच्या एका फेरीत तेरा भरली. चौदावा देवळामागच्या चिंचेखाली, भिजवलेला पंचा तोंडावर घेऊन, घोरत होता.